आर्गॉनवाले डॉक्टर

आमचे डॉक्टर कुणालाही नावाने हाक मारत नसत. माणसाची एखादी चूक सापडली की तीच त्याचं नाव होई. वेल्डर यादवने सुरुवातीच्या दिवसांत केलेला एक जोड केसाएवढा गळका निघाला, तेव्हापासून तो 'गळती'. मी मुलाखतीला गेले तेव्हा टेबलावरची तांब्याची चकचकीत रिंग कौतुकाने उचलून पाहिली. उघड्या हाताने. मुलाखत तिथेच संपली आणि माझं नाव पडलं 'बोटं'. "बोटं आली का?" असं ते आतून ओरडत, आणि यादव दारातून उत्तर देई, "आ गई साहब, दसों आ गई."

नोकरी मला मिळाली, कारण दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता. हे मला नंतर टीचरांनी सांगितलं. टीचर म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. भुईगावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खं गाव त्यांना टीचर म्हणतं, डॉक्टरही टीचरच म्हणतात, आणि घाबरतातही तेवढेच.

डॉक्टर हे फिजिक्सचे डॉक्टर. गावाला हा फरक मान्य नव्हता. एकदा शेजारची म्हातारी शुगरचा रिपोर्ट घेऊन आली. डॉक्टरांनी तो चष्मा लावून नीट वाचला आणि सांगितलं, "या लॅबने आपलं मीटर कधी तपासून घेतलंय असं वाटत नाही. या आकड्यावर विश्वास ठेवू नका." म्हातारीने विश्वास ठेवला तो डॉक्टरांवर, आणि गोळ्या बंद केल्या. पुढे टीचरच तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांचं म्हणणं मात्र शेवटपर्यंत हेच, की मीटरबद्दल आपण बोललो ते चूक नव्हतं.

मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत त्यांची नोकरी झाली. तिथे दरवर्षी ते एकच प्रस्ताव मांडत आणि दरवर्षी समिती तो फेटाळत असे. निवृत्त झाले तेव्हा संस्थेने त्यांना एक चांदीची समई दिली आणि सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरांनी समई टीचरांना दिली आणि प्रस्ताव घेऊन वसईच्या औद्योगिक वसाहतीत आले.

प्रस्ताव होता एका यंत्राचा. कागदावर त्याचं नाव 'इलेक्ट्रॉन बीम आयन सोर्स'. यादव त्याला 'तोप' म्हणे, आणि दिसायलाही ते तसंच होतं: एक आडवी, जाड, स्टीलची नळी, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि चहूबाजूंनी निघालेली पंपांची नळकांडी. काम सांगायला सोपं. आर्गॉन वायूच्या अणूत अठरा इलेक्ट्रॉन असतात. त्यातला एखादा काढणं म्हणजे काही पराक्रम नाही. पण डॉक्टरांना सोळा काढायचे होते. त्यासाठी नळीतून इलेक्ट्रॉनचाच सुईसारखा बारीक झोत सोडायचा, चुंबकाने तो आणखी आवळायचा, दोन्ही टोकांना विजेचे बांध घालायचे आणि आर्गॉनला मधे कोंडून झोताखाली झोडपायचं. एकेक करून त्याचे इलेक्ट्रॉन उडत जातात. मग एका टोकाचा बांध खाली केला की उरलेले आयन बाहेर येतात, आणि कुणाचे किती इलेक्ट्रॉन गेले ते पडद्यावर शिखरांच्या रूपात दिसतं.

अट एकच. नळीत दुसरं काही असता कामा नये. हवा नाही, वाफ नाही, तेल नाही. भटका अणू आत असला तर तो आपला इलेक्ट्रॉन आर्गॉनला देऊन टाकतो आणि सगळी मेहनत फुकट.

या अटीने आमचं जगणं हराम केलं. गाळ्यात केसाला तेल लावून यायचं नाही. गजरा नाही, पावडर नाही, क्रीम नाही. डब्यात सुके बोंबील दिसले तर डबा रस्त्यावर. नालासोपाऱ्याला माझी आई रोज सकाळी कपाळावर हात मारायची, "असे भुरभुरे केस घेऊन कामाला जातेस, लोक म्हणतील घरात कोणी गेलंय!" आमच्या शेजारच्या गाळ्यात अगरबत्त्या बनत. डॉक्टरांच्या दृष्टीने हे शत्रुराष्ट्र. तिथल्या बायकांनी दिवाळीला चंदनाच्या अगरबत्तीचा पुडा दिला, तो त्यांनी चिमट्यात धरून परत नेऊन दिला. "हायड्रोकार्बन," एवढंच बोलले. त्या बायका बरेच दिवस त्यांना हायड्रोकार्बन म्हणत.

आणि या सगळ्यात खुद्द डॉक्टरांच्या टकलावर खोबरेल तेल चमकत असे. उरलेसुरले केस त्याने डोक्याला चिकटवलेले. एकदा यादवने धीर करून विचारलं, "साहब, आपका तेल?"

"हे तेल नाही. हे औषध आहे. डोकं थंड राहतं."

डोकं थंड राहिल्याचं आम्ही कधी पाहिलं नाही. रागावले की ते घरच्या बोलीत शिरत. भुईगावची ती बोली मला कळत नसे, त्यामुळे मी त्यांच्या किती शिव्या खाल्ल्या याचा अंदाज नाही.

हा सगळा संसार चालत होता त्यांच्या चुलतभावाच्या जिवावर. चुलतभावाचा समुद्राजवळ रिसॉर्ट आहे, पाण्याच्या घसरगुंड्यांचा. गाळाही त्याचाच. विज्ञानाशी त्याचा संबंध एवढाच, की एका जेवणात डॉक्टर बोलून गेले होते, अशा यंत्रातून निघालेल्या कार्बनने परदेशात कॅन्सर बरा करतात. तेवढं वाक्य त्याने उचललं. तो यंत्राला 'कॅन्सरचं मशीन' म्हणे आणि रिसॉर्टच्या पाहुण्यांना गाळा दाखवायला घेऊन येई. पाहुणे घसरगुंडीवरून थेट आलेले, ओले केस, अंगाला सनस्क्रीनचा वास. डॉक्टर दारातच आडवे उभे राहत. "बाहेरून बघा. श्वास हळू घ्या."

एके दिवशी दुपारी पडद्यावर शिखर आलं.

उंच, सुईसारखं, आणि बरोबर त्या जागी, जिथे दहा इलेक्ट्रॉन गमावलेला आर्गॉन यायला हवा. सोळा नाही, पण दहा तर दहा. डॉक्टर खुर्चीवरून उठले, परत बसले, परत उठले. यादवने तोफेला हात जोडले. डॉक्टरांनी त्याला त्या दिवशी 'यादव' म्हटलं. मला वाटतं तेवढ्यानेच तो रडला.

बातमी चुलतभावाला कळली आणि मग ती आमची राहिली नाही. चर्चच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. फादर, गावातले शिक्षक, वाडीवाले, रिसॉर्टचा सगळा स्टाफ, समोर केकच्या पेट्या. स्टेजच्या मागे चुलतभावाने भिंतभर फ्लेक्स लावला होता. डावीकडे डॉक्टरांचा फोटो, उजवीकडे चुलतभावाचा, थोडा मोठा, आणि मधोमध आमच्या पडद्यावरचा आलेख, माणसापेक्षा उंच.

शाल घातली, श्रीफळ दिलं. डॉक्टर बोलायला उभे राहिले. "हे जे तुम्हाला दिसतंय..." असं म्हणून ते फ्लेक्सकडे वळले आणि थांबले.

इतके दिवस ते लहान पडद्याशी नाक लावून फक्त त्या एका टोकाकडे बघत होते. आज पहिल्यांदाच सगळा आलेख लांबून, अवाढव्य, समोर होता. ते दोन पावलं मागे सरकले. मान वाकडी केली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मग माइकमधून त्यांचा आवाज आला.

"नऊ कुठे आहे?"

कुणालाच कळेना.

"इथे दहा आहे. मग नऊ कुठे आहे? आणि अकरा?"

पुढच्या रांगेतले एक अंकल उत्साहाने म्हणाले, "लग्नाला गेले असतील!" हॉल हसला. टीचर हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. माणूस पुढे काय करणार हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

डॉक्टर शिकवायच्या सुरात बोलू लागले. "आर्गॉनचे इलेक्ट्रॉन एकेक करून जातात. काहींचे नऊ जातात, काहींचे दहा, काहींचे अकरा. शिखरं रांगेने येतात. एकटं येत नाही. हे एकटं आलंय. म्हणजे हा आर्गॉन नाही. चाळीस भागिले दहा, चार. आणि बारा भागिले तीन, तेही चारच. आमचं यंत्र एवढा भागाकारच दाखवतं. हा कार्बन आहे. आमच्या नळीतली घाण. ज्याचा तुम्ही सत्कार करताय तो एक डाग आहे." आणि त्यांनी शाल काढून तिची व्यवस्थित घडी केली, वर नारळ ठेवला आणि सगळं फादरांच्या हातात दिलं. फादर बिचारे समयसूचक. त्यांनी लगेच केक वाटायला घेण्याची सूचना केली.

याला प्रामाणिकपणा म्हणायची माझी इच्छा आहे. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. त्यावर दुःख नव्हतं. भरल्या हॉलमध्ये चूक दिसली ती फक्त आपल्याला, याचा आनंद होता. असा आनंद दहाचं शिखर आलं तेव्हाही झाला नव्हता. मागे भिंतीवर फोटो आपला, पुढे गाव आपलं, आणि माणूस आपल्याच फजितीची फोड करून सांगण्यात रंगून गेलेला. यादव माझ्या शेजारी पुटपुटला, "मैडम, नौकरी गई."

बाहेर गाड्यांपाशी चुलतभावाने डॉक्टरांना गाठलं. तो चिडलेला नव्हता. उलट त्याला वाट सापडली होती.

"अरे, कार्बन तर कार्बन! कार्बननेच कॅन्सर बरा करतात असं तूच बोलला होतास. आपल्याला तर तोच पाहिजे होता!"

"आपण तो बनवला नाही. तो घाण म्हणून आत आला."

"कसा का येईना, आला ना?"

"घरात चोर शिरला तर पाहुणा आला म्हणशील?"

"तू फक्त एवढं बोल, की कार्बन आला. बाकीचं मी बघतो. खोटं कुठे आहे त्यात?"

"मला आर्गॉन हवा होता," डॉक्टर म्हणाले. लहान मुलाने चुकीच्या रंगाचा फुगा परत करावा तसं.

चुलतभावाने गाळा रिकामा करायला सांगितलं. रिसॉर्टचे टॉवेल धुवायची मशिनं ठेवायला त्याला जागा हवीच होती.

यादव सामान बांधताना न राहवून बोलला, "साहब, एक दिन चुप रह जाते तो क्या बिगड़ता?" डॉक्टरांना प्रश्नच समजला नाही. आता हा कुठे जाणार, घरी काय सांगणार, हेही त्यांनी विचारलं नाही. चार ठिकाणी फोन करून त्याला कामणच्या बाजूला टाक्यांच्या कारखान्यात लावून दिलं ते टीचरांनी.

तोफ खोलताना एक गंमत झाली. आतली तांब्याची नळी बाहेर काढली तर तिच्या आतल्या अंगावर तपकिरी रंगाचा अंगठ्याचा ठसा. तेलाचं बोट लागून उमटलेला, आणि नळी तापवताना भाजून पक्का झालेला. ठशाच्या मधून एक तिरपी रेघ गेलेली. लहानपणी केळीचा घड उतरवताना डॉक्टरांच्या अंगठ्याला कोयता लागला होता, त्या व्रणाची. मी नळी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावला. ठसा बघितला, मग स्वतःचा अंगठा बघितला, मग परत ठसा.

"एका अंगठ्यात एवढा कार्बन नसतो," ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. पंपाचं जुनं तेलही त्यात सामील होतं. पण त्या दिवशी यादवने त्यांना "अंगूठा साहब" अशी हाक मारली, आणि डॉक्टरांनी मुकाट्याने "काय?" म्हणून मान वर केली. डोक्याचं तेल मात्र सुटलं नाही. ते औषध होतं.

तोफ भुईगावला गेली. घरामागे केळी पिकवायची एक खोली होती, तिच्यात. मी तोवर वालीवच्या एका कंपनीत लागले होते. आम्ही औषधं वाळवायच्या व्हॅक्यूम टाक्या बनवतो. आमच्या व्हॅक्यूमला डॉक्टर 'हवा' म्हणतात. तरी सुट्टीच्या दिवशी मी भुईगावला जात राहिले. का, असं आई विचारायची. टीचरांच्या हातचं जेवण, असं मी सांगायचे. तिचा विश्वास बसत नसे. माझाही फारसा नव्हता.

चुंबकाच्या वेटोळ्याला थंड ठेवायला पाणी लागतं. डॉक्टरांनी ट्रकचा एक जुना रेडिएटर वाडीतल्या बावखलात, म्हणजे त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, बुडवून ठेवला आणि नळ्यांनी तोफेशी जोडला. तोफ चालू झाली की बावखलाचा तो कोपरा कोमट होई आणि टीचरांची बदकं तिथे जाऊन बसत. बदकं जमली की गावाला कळे, डॉक्टरांचं काम चालू आहे. नळीतली वाफ घालवायला ती दिवसचे दिवस तापवून ठेवावी लागे, त्याला 'बेकिंग' म्हणतात. चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला का आला नाहीत असं फादरांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बेकिंग चालू आहे." गावात बातमी, की डॉक्टर बेकरी काढताहेत. नाताळच्या केकच्या ऑर्डरीही आल्या. टीचरांनी त्या घेतल्या आणि पुऱ्याही केल्या.

मग तो रविवार. डॉक्टरांनी मला फोन करून बोलावलं होतं, हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. टीचरांनी आळीतल्या घरोघरी बदकाची अंडी देऊन दुपारपर्यंत पाण्याचे पंप लावू नका अशी विनवणी केली होती, म्हणजे विजेचा दाब हलू नये. मी पडद्यासमोर, डॉक्टर खटक्यांपाशी. आर्गॉन सोडला. कोंडून ठेवायचा वेळ कमी होता तेव्हा शिखरं दिसली आठची, नऊची, दहाची, अकराची. रांगेने. एकालाही शेजारी नाही असं नाही. डॉक्टरांनी वेळ वाढवत नेला, तशी रांग पुढे सरकू लागली. बारा, तेरा, चौदा. मग एका कडेला, अडीचच्या आकड्यावर, एक बुटकं शिखर उगवलं. चाळीस भागिले सोळा. तिथे कार्बन येऊ शकत नाही, नायट्रोजन नाही, ऑक्सिजन नाही.

"आकडा वाच, बोटं."

मी वाचला.

"परत वाच."

मी परत वाचला आणि मोबाइलने फोटो काढला. टीचर मिस्साहून नुकत्याच आल्या होत्या, चांगल्या साडीतच दारात उभ्या. "आलं?" त्यांनी विचारलं.

"थांबा. आता गॅस बंद करायचा. ते गेलं पाहिजे. मग परत सोडायचा. ते परत आलं पाहिजे. मग बोलू."

त्यांनी गॅस बंद केला. रांग हळूहळू बसली. सोळाही गेलं. डॉक्टरांचा हात परत झडपेवर गेला आणि बाहेर आळीतल्या ट्रान्सफॉर्मरने धाडकन आवाज केला. पडदा काळा. बॅटऱ्यांनी पंप थोडा वेळ ओढले, मग तेही गुरगुरत थांबले. नळी आणि पंप यांच्यामधली झडप मिटायला हवी होती, ती अर्ध्यावर अडकली. उलटी हवा आत गेली. झोत सोडणारा कॅथोड अजून लाल तापलेला होता, त्याला हवा लागली म्हणजे तो संपला. तो परदेशातून यायचा, आणि होता तो शेवटचा.

डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांचा हात अजून गॅसच्या झडपेवरच होता. टीचरांनी जवळ जाऊन तो अलगद सोडवला.

"पण आलं होतं," टीचर म्हणाल्या. "मी पाहिलं. हिने पाहिलं."

"परत आलं नाही."

"गॅस बंद केल्यावर गेलं ना? अर्धं तरी सिद्ध झालं की."

"अर्धं सिद्ध म्हणजे काय, टीचर? तुम्ही गणित शिकवलंत." आवाजात राग नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. "फोटो काढलास?"

"हो."

"डिलीट कर."

"डॉक्टर, राहू द्या माझ्याकडे. कुणाला दाखवणार नाही."

"दाखवशील. मी मेल्यावर दाखवशील. लोक म्हणतील, सोळा आलं होतं. कर."

मी केला. त्यांनी चष्मा लावून खात्री केली, आणि डिलीट केलेले फोटो जिथे पडून राहतात ते कुठे असतं, हेही त्यांना ठाऊक निघालं. तिथूनही काढायला लावला. टीचर पानं घ्यायला गेल्या. डॉक्टर जेवले नाहीत. बावखलाच्या काठावर जाऊन बसले. पाणी गार होत चाललं तशी बदकं एकेक करून उठून गेली.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. डॉक्टर लांब एका कोपऱ्यात बँडवाल्याला त्याच्या स्पीकरमध्ये काय चूक आहे ते समजावत होते. चुलतभावाने मला गाठलं. केस पिकले होते, रिसॉर्टला नवी घसरगुंडी आली होती.

"पोरी, तू खोटं बोलणारी नाहीस," तो हळूच म्हणाला. "टीचर सांगते, त्याच्या मशीनमधून शेवटी ते निघालं. तो कबूल करत नाही. तू तिथे होतीस. तू फक्त हो म्हण. तो कॅथोड काय असतो तो मी मागवतो. उद्याच. भाऊ आहे माझा, किती दिवस तो मेलेल्या मशीनजवळ बसून राहणार?"

ते बुटकं शिखर मी दोनदा वाचलं होतं. आत्ताही डोळ्यांसमोर आहे, अडीचच्या आकड्यावर.

"एकदा दिसलं होतं," मी म्हटलं. "परत आलं नाही."

"म्हणजे निघालं की नाही?"

"नाही."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हीपण गेली," तो म्हणाला, आणि आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभा राहिला.